पौष ते चैत्र : भांडुपच्या मधमाश्यांचा हंगाम

थंड हवेच्या देशांत मधमाश्या पाळणाऱ्या मनुष्याची वर्षभराची सारी चिंता हिवाळ्यापाशी एकवटलेली असते. बाहेर बर्फ साचलेले असते, फूल म्हणून दृष्टीस पडत नाही, आणि उष्णतामान चौदा अंशांच्या खाली उतरू लागले की पेटीतल्या माश्या एकमेकींना बिलगून घट्ट गोळा करतात, राणीला मध्यभागी घेतात, साठवलेला मध थोडथोडा खात आणि पंखांचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करीत ते दीर्घ महिने कसेबसे पार पाडतात. आणि वसंताच्या पहिल्या उबदार दिवशी झाकण उचलून आत जीव उरला आहे की नाही हे पाहणे, हा तेथील मधपाळाच्या वर्षातला सर्वांत धाकधुकीचा क्षण असतो. मधमाशीपालनाचे नावाजलेले ग्रंथ बहुतेक याच हवेत लिहिले गेले. लॅंगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने १८५२ साली सुट्या चौकटींच्या पेटीचे एकस्व मिळवले तेही याच हवेत. त्यामुळे वसाहत हिवाळ्यातून वसंतात सुखरूप कशी न्यावी, हा प्रश्न आपल्याकडचा हौशी मधपाळही जसाच्या तसा विचारू लागतो. भांडुपात राहणाऱ्या माणसाने तो निराळ्या स्वरूपात विचारला पाहिजे, आणि मधपाळाइतकाच तो महानगरपालिकेला व गृहनिर्माण संस्थांना विचारला पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मुंबईच्या हवामानाच्या दफ्तरात सर्वांत थंड म्हणून नोंदलेली पहाट २२ जानेवारी १९६२ ची आहे. त्या दिवशी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. असे अपवाद सोडले, तर आपल्या जानेवारीच्या रात्री सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतात, आणि सकाळची उन्हे अंगावर आली की आमच्या माश्या परागाचे पिवळे गोळे पायांना बांधून घरी परतू लागलेल्या दिसतात. ज्याला तिकडचे लोक हिवाळा म्हणतात, तो मधमाशीच्या दृष्टीने आपल्याकडे येतो आषाढ-श्रावणात. त्या दोन महिन्यांत पाऊस मकरंद धुऊन नेतो, पराग भिजून वाया जातो, दिवसचे दिवस माशीला बाहेर पडता येत नाही, शिलकीतला मध संपत येतो आणि राणी अंडी घालणे आखडते घेते. आपली देशी सातेरी माशी तर पाश्चात्त्य माशीप्रमाणे हाल सोशीत बसणारी नव्हे. अन्न संपले, ओल वाढली, किंवा पोळ्यांत मेणकिडा शिरला, तर एके सकाळी सारी वसाहत घर टाकून निघून जाते. महाबळेश्वरला, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथल्या मधपाळांना म्हणूनच पावसाळ्यात साखरेचा पाक पाजून वसाहती जगवाव्या लागतात. अशा रीतीने पावसातून निभावलेली वसाहत आश्विनात सावरते, कार्तिकात बाळसे धरते, आणि पौषापासून चैत्र-वैशाखापर्यंतचा काळ हा तिच्या वाढीचा, वंशविस्ताराचा आणि संचयाचा काळ होतो. तिकडचे उपवासाचे महिने ते इकडचे सुगीचे महिने होत, ही एक गोष्ट मनात पक्की केली म्हणजे पुढचा सारा विचार सरळ होतो.

भांडुपची रचनाही या सुगीला विलक्षण अनुकूल आहे, हे येथील रहिवाशांच्याही सहसा ध्यानात येत नाही. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. त्यांच्या कुशीत १८६० साली पुरा झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे तलाव. त्या पाण्याच्या सान्निध्यात उभे असलेले, आशियातल्या सर्वांत मोठ्यांत गणले जाणारे जलशुद्धीकरण संकुल. पूर्वेला रुळांपलीकडे मिठागरे, खारफुटी आणि ठाण्याची खाडी, जिच्या काठी उदंचन केंद्रापाशी रोहित पक्षी पाहायला दुरून माणसे येतात. मध्ये लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत. त्यांतील पुष्कळ जागांवर आता तीस-तीस, चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. डोंगर आणि खाडी यांच्यातले अंतर आग्या माशीला एका उड्डाणात सहज कापता येण्याजोगे आहे. म्हणजे पौषात आंब्याचा मोहर आणि शेवगा. माघात काटेसावर, जिच्या पेल्यासारख्या लाल फुलांत सकाळी माश्या अक्षरशः बुडालेल्या असतात. फाल्गुनात पांगारा, पळस, कुंभा. चैत्रात जांभूळ, कडुनिंब, शिरीष, करंज. वैशाखात रस्त्याकडेचा सोनमोहर आणि बहावा. आणि त्याच्या मागोमाग खाडीकाठची तिवरे, असा फुलोऱ्याचा एक अखंड क्रम या एका उपनगराच्या हद्दीत लागतो. आठव्या वर्षी फुलणारी कारवी, जी २०१६ साली या डोंगरांत फुलली होती, ती याहून निराळी. ती पावसाच्या अखेरीस फुलते आणि तिचे औदार्य नेमाने भोगता येत नाही.

या क्रमाचा लाभ घ्यायचा, तर वसाहतीला तो आधी ठाऊक असावा लागतो, आणि येथेच मधपाळाच्या कौशल्याचा प्रारंभ होतो. सातेरीच्या कामकरी माशीला अंड्यातून पूर्ण अवस्थेला येण्यास सुमारे वीस दिवस लागतात. जन्मल्याबरोबर ती बाहेर जात नाही. आरंभी पिलांना भरवणे, मेण स्रवून पोळे बांधणे, आणलेला मकरंद आटवणे, दाराशी पहारा करणे अशी घरातली कामे दोन-तीन आठवडे केल्यावर मगच ती फुलांवर जाते. म्हणजे चैत्रात जांभळीच्या फुलोऱ्यावर मध गोळा करणारी माशी ही माघात घातलेल्या अंड्यातून आलेली असते. जांभूळ फुललेली पाहून जो पेटीची काळजी घेऊ लागतो, त्याला तब्बल चाळीस दिवसांचा उशीर झालेला असतो. मधमाशीपालनातले सारे शहाणपण या चाळीस दिवसांच्या हिशेबात आहे असे म्हटले तरी चालेल. आणि पुढे मी जे नागरी कारभाराविषयी म्हणणार आहे, त्याचाही आधार हाच हिशेब आहे.

तेव्हा पौषात पेटीकडे पाहावे ते प्रथम बाहेरून. दाराशी उभे राहून माश्यांच्या पायांवर पराग दिसतो का, एवढे निरखले तरी आत पिलावा आहे आणि राणी अंडी घालीत आहे, हे झाकण न उचलता कळते. पेटी मागून हलकेच उचलून पाहिली तर वजनावरून मधाच्या शिलकीचा अंदाज येतो. उघडायची ती भर सकाळी, ऊन तापण्याच्या आत, निवांत वाऱ्याच्या दिवशी, आणि आत जे पाहायचे ते चार-पाच मिनिटांत पाहून बंद करायची. पिलाव्याला चौतीस-पस्तीस अंशांची ऊब अखंड लागते. ती माश्यांनी आपल्या शरीराने पुरवायची असते, आणि म्हणून जितक्या चौकटी माश्यांनी झाकलेल्या असतील तितक्याच आत ठेवून, उरलेली जागा एक उभी फळी घालून आखडती करणे हे पौषातले मुख्य काम. परदेशी पुस्तके वाचून पेटीला गोणपाट गुंडाळणारे लोक मी पाहिले आहेत. भांडुपच्या हवेत त्याने ऊब मिळण्याऐवजी कोंदटपणा वाढतो आणि मेणकिड्याला आश्रय मिळतो. जुनी, काळी पडलेली, माश्यांनी सोडलेली पोळी याच वेळी काढून वितळवावीत, कारण मेणकिडा शिरतो तो अशाच बेवारस पोळ्यांतून. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्यांचाही बंदोबस्त करावा.

माघ लागला की हा आखडतेपणा क्रमाक्रमाने सैल करायचा असतो. काटेसावरीचा पराग घरात येऊ लागला म्हणजे राणी जोमाने अंडी घालू लागते. तिला जागा हवी, म्हणून आठवड्याला एकेक मेणपत्रा लावलेली चौकट पिलाव्याच्या कडेला द्यावी. सर्व चौकटी माश्यांनी गजबजल्या की वरची मधकोठी चढवावी. जो हे वेळेवर करीत नाही त्याच्या पेटीत गर्दी होते, नर माश्यांचा पिलावा वाढतो, पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी लोंबती राणीघरे दिसू लागतात, आणि त्यांची तोंडे बंद झाली की जुनी राणी अर्धीअधिक माणसे, म्हणजे अर्धीअधिक प्रजा, बरोबर घेऊन बाहेर पडते. नवी राणी अंड्यापासून सोळा दिवसांत तयार होते, परंतु तिचे घर आठव्या-नवव्या दिवशीच बंद होते. म्हणून फाल्गुन-चैत्रात दर सात-आठ दिवसांनी चौकटींच्या खालच्या कडा तपासणे हा नियम मोडता येत नाही. राणीघरे दिसल्यावर ती नुसती चिरडीत बसणे हा मात्र उपाय नव्हे. वाढीची ऊर्मी निसर्गाची आहे. तिला वाट देणेच श्रेयस्कर, आणि ती वाट म्हणजे विभाजन: जुन्या राणीसह काही चौकटी दुसऱ्या पेटीत घालून एका वसाहतीच्या दोन करणे. मध काढायचा तो माश्यांनी मेणाची टोपणे लावून बंद केलेल्या चौकटींतलाच, कारण उघड्या घरांतला मध पातळ असतो व आंबतो; आणि काढायचा तोही फक्त मधकोठीतला. खालच्या पिलाव्याच्या कोठीतला मध हा माश्यांच्या आषाढाचा शिधा आहे. वैशाखात तो लोभाने काढणाऱ्याची पेटी श्रावणात रिकामी होते, आणि मग तो नशिबाला दोष देतो.

एवढे सविस्तर सांगितले ते अशासाठी, की पेटीतल्या वसाहतीला लागू असलेला हा हिशेब पेटीबाहेरच्या वसाहतींना तंतोतंत लागू आहे. आणि भांडुपातल्या मधमाश्यांपैकी पेटीत राहणाऱ्या किती अल्प! सातेरी येथे झाडांच्या ढोलींत, जुन्या भिंतींच्या पोकळ्यांत, विजेच्या मीटरांच्या खोक्यांत राहते. बोटभर फांदीवर तळहाताएवढे पोळे लावणारी फुलोरी गच्चीतल्या कुंड्यांमध्येही नांदते. डंख नसलेली इवलीशी पोया दगडी कुंपणांच्या भेगांत राळेची नळी बांधून असते. आणि या सर्वांहून थोर, सर्वांहून भयप्रद आणि सर्वांहून छळली गेलेली ती आग्या माशी.

आग्या माशी पेटीत राहत नाही. ती कोणाची पाळीव झालेली नाही. उंच जागी, उघड्यावर, एकच एक प्रचंड पोळे ती लावते; ते कधी कधी मीटरभर रुंद होते, आणि त्यावर माश्यांचा कित्येक थरांचा जिवंत पडदा अहोरात्र पसरलेला असतो. पावसाळा संपला की, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, तिचे थवे शंभराहून अधिक किलोमीटरांचाही प्रवास करून येतात, माघ-फाल्गुनात भरभराटीला पोहोचतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला की सामान्यतः पोळे सोडून जातात. पुढल्या वर्षी तोच थवा पुष्कळदा त्याच झाडाच्या त्याच फांदीवर परत येतो. गेलेल्या कामकरी माश्यांचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे. परत येणाऱ्यांपैकी एकीनेही ती फांदी पूर्वी पाहिलेली नसते. जुनी असते ती केवळ राणी. ही ओळख पिढ्या ओलांडून कशी टिकते, याचा उलगडा शास्त्रज्ञ अजून करीत आहेत. पूर्वी भांडुपात आग्या मोहोळे दिसत ती सावरीच्या आणि वडा-पिंपळांच्या उंच फांद्यांवर. आता तेवढी उंच झाडे रस्त्यांवर उरली नाहीत, आणि त्याच उंचीचे सज्जे, पाण्याच्या टाक्यांचे कठडे आणि जिन्यांच्या खिडक्यांवरचे छत मात्र भरपूर झाले आहेत. माशीने आपली उंची सोडली नाही. तेथे काय उभे राहिले ते आपण ठरवले.

मग काय होते, हे कोणत्याही मोठ्या वसाहतीतल्या रहिवाशाला ठाऊक आहे. चौदाव्या मजल्याच्या सज्जाखाली पोळे दिसते, कोणी छायाचित्र काढून सर्वांना पाठवतो, लहान मुलांची व वृद्धांची काळजी व्यक्त होते, कीटकनियंत्रण करणाऱ्या एखाद्या आस्थापनेला बोलावणे जाते, आणि रात्री दोन माणसे दोरावरून उतरून विषाचा फवारा मारतात किंवा पेटता बोळा लावतात. सकाळी खाली सडा पडलेला असतो. झाडलोट करणारा तो सुपाने भरून नेतो. हे बहुधा घडते माघात आणि फाल्गुनात, कारण पोळे डोळ्यांत भरण्याइतके मोठे होते ते तेव्हाच. म्हणजे ज्या चाळीस दिवसांत चैत्रातल्या सगळ्या फुलोऱ्याची मजूरसेना पोळ्यांतून वाढत असते, नेमक्या त्याच चाळीस दिवसांत आपण ती पोळी जाळतो. आणि नुकसान त्या एका वसाहतीपुरते राहत नाही. फवारलेल्या पोळ्यातून मध ठिबकत राहतो, त्याच्या वासाने आसपासच्या सातेरी लूट करायला येतात, आणि ते विष आपल्या घरी, आपल्या पिलांना नेऊन घालतात. तोच मध कोणी माणसाने गोळा केला तर त्याच्याही पोटात विष जाते.

भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. आग्या माशीचा हल्ला हा प्राणघातक होऊ शकतो; एक माशी डसली की तिच्या डंखातून सुटणारा गंध इतरांना त्याच जागी बोलावतो, आणि म्हणून डसलेल्या माशीला अंगावर चिरडणे किंवा उभे राहून हात झाडणे हे सर्वांत घातक. डोके व तोंड झाकून सरळ दार-खिडक्या बंद होणाऱ्या खोलीत जावे, पाण्यात उडी मारू नये, काटा नखाने चटकन खरवडून काढावा, आणि डंख पुष्कळ असतील किंवा श्वास लागू लागला तर एक क्षण न दवडता रुग्णालय गाठावे. शाळेच्या दाराशी, रुग्णालयाच्या खिडकीत, पाळणाघरावर पोळे लागले तर ते हलवलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु हल्ले होतात ते बहुधा कोणी डिवचल्यावर: दगड, फटाका, धूर, पतंगाचा मांजा, घारीची झडप, भडक वासाचे अत्तर. दहा मजल्यांवरच्या मोकळ्या कडेला लागलेले पोळे, ज्याच्या जवळून कोणाची ये-जा नाही, ते चार-पाच महिने कोणाला काही करीत नाही आणि मग आपण होऊन निघून जाते. रहिवाशांच्या ज्या इतर तक्रारी असतात त्यांना फार सौम्य उपाय आहेत. संध्याकाळी उभ्या गाड्यांवर पिवळे ठिपके पडतात. ती माश्यांची विष्ठा आहे, सारी वसाहत एकदम उडून ती टाकते, आणि ती पाण्याने धुतली जाते. रात्री घरातल्या दिव्याभोवती माश्या येऊन मरतात; आग्या माशी चांदण्यातही फुलांवर जाते, आणि आपले दिवे तिची दिशाभूल करतात. पोळ्याच्या बाजूच्या खिडक्यांना सूर्यास्तानंतर गडद पडदे लावले, गच्चीवरच्या प्रखर दिव्यांची तोंडे खाली केली, तर तक्रारही मिटते आणि माश्याही वाचतात.

आता सरकारदरबारचा विचार. या विषयाची विद्या आपल्याजवळ नाही अशातला भाग नाही. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आणि या साऱ्या देशाच्या मधपेट्यांचा कारभार पाहणाऱ्या खादी व ग्रामोद्योग आयोगाची मुख्य कचेरी तर आपल्याच उपनगरांत, विलेपार्ल्याला इर्ल्यात आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे २०२२ साली राज्यातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. ही सारी व्यवस्था मध आणि रोजगार यांच्या दृष्टीने उभारली गेली, आणि खेड्यांसाठी उभारली गेली. ते योग्यच झाले. परंतु ज्या शहराच्या हद्दीत एवढे अरण्य आहे आणि ज्याच्या सज्जांवर दर हिवाळ्यात आग्या मोहोळे लागतात, त्या शहरासाठी तिची एकही शाखा काम करताना दिसत नाही. पोळे न मारता हलवणारी, धुराचा मोजका उपयोग जाणणारी, रात्री दोरावर सुरक्षितपणे काम करणारी प्रशिक्षित माणसे विभागाविभागांत असली पाहिजेत. डोंगरातल्या पाड्यांवर मध काढण्याची विद्या जाणणारी घराणी पूर्वापार आहेत. त्यांतील तरुणांना या प्रशिक्षणात अग्रहक्क आणि कामाचा रास्त मोबदला मिळाला, तर ते सर्वांच्या हिताचे होईल.

येथे एका उत्साहाला मात्र आवर घालावासा वाटतो. अलीकडे गच्चीवर मधपेट्या ठेवण्याची आवड वाढते आहे, आणि पुष्कळांना मध भरपूर देणाऱ्या युरोपीय मेलिफेरा माशीचा मोह पडतो. पंजाब-हरियाणाच्या मोहरीच्या शेतांत ती माशी खुशाल नांदो. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला ती आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन जातींच्या वसाहती एकाच फुलोऱ्यावर जगू लागल्या की अन्नाची ओढाताण होते, आणि रोगांची देवघेवही होते. सातेरीच्या अंगवळणी पडलेली वरोआ ही गोचीड, जिला सातेरी एकमेकींच्या अंगावरून वेचून काढते, तिनेच मेलिफेरावर जाऊन जगभर हाहाकार उडवला. आणि पिलांना ग्रासणाऱ्या थाई सॅकब्रूड या विषाणूने १९९० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण भारतातल्या सातेरीच्या पाळीव वसाहतींचा जो संहार केला, तो विसरण्याजोगा नाही. ज्याला पेटी ठेवायची असेल त्याने सातेरीच ठेवावी, एक-दोनच ठेवाव्यात, आणि त्याआधी आपल्या आवारात करंज, जांभूळ किंवा बहावा यांपैकी एखादे झाड लावावे. भांडुपला आज पेट्यांची जितकी गरज आहे, त्याहून कितीतरी अधिक गरज आहे ती असलेल्या वसाहतींना जगू देण्याची.

आणि झाडांची गोष्ट निघाली, तर महानगरपालिकेचा एक शिरस्ता मुळातून तपासला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी फांद्या पडून अपघात होऊ नयेत म्हणून मार्चपासून मेपर्यंत रस्त्यांवरच्या झाडांची छाटणी होते. हेतू निर्विवाद चांगला, परंतु मुहूर्त असा, की करंज, शिरीष, सोनमोहर आणि जांभूळ फुलांनी लगडलेली असतानाच त्यांच्यावर कुऱ्हाड चालते. धोकादायक फांदी केव्हाही तोडावी लागेल. परंतु सर्वसाधारण छाटणी पावसाळा संपल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात केली, तर झाडालाही जखम भरून काढायला अवधी मिळतो आणि चैत्राचा फुलोरा शाबूत राहतो. झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा अधिनियम आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. त्या प्राधिकरणाच्या मंजुरीच्या अर्जात ‘या झाडावर मोहोळ आहे काय आणि झाड सध्या फुलात आहे काय’ असे दोन रकाने वाढवायला कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे? तीच गोष्ट डोंगरातल्या वणव्यांची. फाल्गुनात गवत वाळले की भांडुप-मुलुंडच्या उतारांवर रात्री आगीच्या रेघा दिसतात. त्यांतील पुष्कळशा माणसानेच लावलेल्या असतात. त्या आगीत ढोलींतल्या सातेरी आणि झुडपांवरच्या फुलोऱ्या पिलाव्यासह होरपळतात, आणि त्यांची मोजदाद कोठेही होत नाही. त्या दिवसांपुरता गस्तीचा बंदोबस्त वाढवणे वन विभागाला अशक्य असेल असे वाटत नाही.

राहता राहिला गृहनिर्माण संस्थांचा भाग, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा, कारण विषाचा फवारा मागवणारी सही तेथे होते. प्रत्येक संस्थेने सर्वसाधारण सभेत एक ठराव करावा: इमारतीवर पोळे लागल्यास ते कोणत्या जागी आहे, तेथून लोकांची ये-जा किती, हे समितीने पाहावे, धोका नसेल तर खालच्या जागेला दोरी बांधून सूचनाफलक लावावा, त्या बाजूचे दिवे झाकावेत, रंगकाम व काचा धुण्याचे काम तहकूब करावे, आणि पोळे ज्येष्ठापर्यंत राहू द्यावे, धोका असेल तर ते जिवंत हलवण्याची तजवीज करावी, मारण्याची परवानगी कोणालाही नसावी. माश्या गेल्यावर रिकामे पोळे काढून ती जागा साफ करावी, आणि तेथे पुन्हा पोळे नको असेल तर दिवाळीपूर्वी, माश्या येण्याच्या आत, जाळी लावून ती बंद करावी. हा शेवटचा उपाय इतका स्वस्त व निरुपद्रवी आहे की तो आजवर रूढ का झाला नाही याचेच आश्चर्य वाटते.

भांडुप ज्या एस विभागात मोडते त्या विभाग कार्यालयाने या सर्वांचा मसुदा एका पानाच्या परिपत्रकात करावा आणि ते भाद्रपदाच्या अखेरीस प्रत्येक संस्थेच्या चिटणिसाकडे पोहोचते करावे. माघात निघालेल्या हुकुमाचा उपयोग नाही. तोवर दोरावरची माणसे येऊन गेलेली असतात. गणपती गेले की उद्यान खात्याने छाटणीचे वेळापत्रक नव्याने आखावे, आश्विनात जाळ्या लागाव्यात, आणि कार्तिकात पहिले थवे खाडीवरून येऊ लागतील तेव्हा त्यांना हलवू शकणाऱ्या निदान चार प्रशिक्षित माणसांची नावे व दूरध्वनी क्रमांक विभाग कार्यालयाच्या फलकावर लागलेले असावेत.